दूधसागरला जा, पण पाऊस ओसरल्यावर आणि रुळावरून नाही

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पावसाळ्यात बघायच्या धबधब्यांचं अख्खं पान दिलं, फोटो मस्तच होते, पण त्यात दूधसागरबद्दल जे छापलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. कुळे स्टेशनला उतरायचं आणि रुळाच्या कडेकडेनं दहा-अकरा किलोमीटर चालत गेलं की समोर धबधबा, जुलै-ऑगस्ट बेस्ट, असं तिथं लिहिलंय. साहेब, त्या रुळावरून चालायला बंदी आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर जंगलातला जीपचा रस्ताही बंद असतो. तुमचा पेपर आमच्याकडं घराघरात येतो, पोरं त्या पानाचा फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, पेपरमध्ये आलंय, चला. म्हणून तुमच्याकडूनच ही दुरुस्ती यायला पाहिजे.

आता कुणी म्हणेल भुसावळच्या माणसाला गोव्यातल्या धबधब्याची एवढी काय पडलीय. पडलीय, कारण गोवा एक्सप्रेस आपल्या भुसावळवरूनच जाते. मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा असं करत कॅसलरॉकचा घाट उतरते आणि धबधब्याच्या समोरच्या पुलावरून पुढं कुळ्याला जाते. कुठं गाडी बदलायची नाही, एक रात्र गाडीत काढली की झालं. त्यामुळं पाऊस लागला की जळगाव, चाळीसगाव, पाचोरा, सावदा, फैजपूर सगळीकडच्या कॉलेजच्या पोरांचे ग्रुप निघतात, आणि त्यांना घेऊन जाणारेही आता ठिकठिकाणी झालेत. व्हॉट्सॲपवर एक पोस्टर फिरतं, त्यावर पांढऱ्याशुभ्र धबधब्याचा फोटो, खाली पर हेड रेट, जेवण इन्क्लुडेड, आणि ट्रेक म्हणजे काय तर रेल्वेच्या रुळावरून चालणं. गाईड कोण, परवानगी कुणाची, परत यायचं कसं, यातलं एक अक्षर नसतं.

माझ्या चुलतभावाचा मुलगा अशाच एका ग्रुपबरोबर गेला होता. नाव सांगत नाही, ना त्याचं ना ग्रुपवाल्याचं. पहाटे कुळ्याला उतरले, अंधारातच स्टेशनच्या पुढं निघाले म्हणजे कुणी अडवायला नको, आणि चालायला लागले. रेल्वेची खडी चालण्यासाठी टाकलेली नसते, ती टोकदार असते आणि पायाखाली सरकते, आणि स्लीपरवर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवर, पाय टाकत जावं तर दोन स्लीपरमधलं अंतर आपल्या पावलाला जुळत नाही, एक पाऊल फार लहान होतं आणि दोनचं फार मोठं. बूट भिजलेले, वरून धो धो पाऊस, पाठीवर बॅग. त्यात एका बोगद्यात निम्मी पोरं आत गेलेली आणि मागून मालगाडी आली. पुतण्या सांगत होता, आवाज कुठल्या बाजूनं येतोय तेच कळेना, पाण्याचा आवाज, गाडीचा आवाज आणि बोगद्याचा घुमारा सगळं एक झालं, कुणीतरी ओरडलं तेव्हा ती पोरं भिंतीला पाठ लावून उभी राहिली, बॅगा पुढं छातीशी धरून, आणि डबे तोंडासमोरून जात राहिले. भिंतीवरून पाणी मानेत उतरत होतं पण कुणी हाललं नाही. पुढं स्टेशनवर आरपीएफनं, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलानं पकडलं, दंड घेतला आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. धबधबा काही त्यांना धड बघायला मिळाला नाही. ग्रुपवाल्यानं एक रुपया परत दिला नाही, वर म्हणाला की रिस्क तुमची होती.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते, सगळी नोकरी त्यांची लाइनवर गेली. पावसाळ्यात रात्रीची पेट्रोलिंग असायची, हातात बत्ती, खांद्याला पिशवीत सिग्नलचे फटाके, आणि मैलोन्मैल रुळ बघत चालायचं, कुठं खडी वाहून गेली का, कुठं दरड आली का. त्यांना मी पुतण्याची गोष्ट सांगितली तर ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, आम्हाला गाडीचं टायमिंग पाठ असायचं तरी बोगद्यात शिरायच्या आधी थांबून रुळाला कान लावायचो, आणि ही पोरं हेडफोन घालून जातात. भुसावळमध्ये निम्म्या घरात कुणी ना कुणी रेल्वेत आहे, मग आपल्याच गावची पोरं रुळाला फुटपाथ समजतात हे माझ्या डोक्यात जात नाही.

आणि हा घाट साधा नाही. कॅसलरॉक ते कुळे हा उतार ३७ ला १ असा आहे, म्हणजे गाडी ३७ मीटर पुढं गेली की १ मीटर खाली उतरते. रेल्वेच्या हिशोबात हा फार तीव्र उतार. पोर्तुगीज काळात १८८० च्या दशकात ही लाइन टाकली, तेव्हा मीटरगेज म्हणजे अरुंद रुळांची होती, नंतर ब्रॉडगेज म्हणजे रुंद रुळांची झाली पण डोंगर तोच आणि वळणंही तीच. गाडी चढवताना मागं जादा इंजिनं लावावी लागतात. अशा उतारावर लोड मालगाडीला समोर माणूस दिसला म्हणून ड्रायव्हरनं ब्रेक मारला तरी ती तिथल्या तिथं उभी राहत नाही. वळणामुळं त्याला तुम्ही दिसता तेच मुळी उशिरा.

दरडीचं वेगळंच. २३ जुलै २०२१ ला याच दूधसागर ते सोनावळी दरम्यान दरड कोसळून मंगळूरहून मुंबईला येणारी गाडी रुळावरून घसरली होती. कोकण रेल्वेचा मार्ग पावसानं बंद होता म्हणून ती गाडी इकडून वळवली होती. प्रवासी वाचले हे नशीब. ज्या कड्याखालून लोखंडी डबा जाताना घसरतो तिथं रेनकोट घालून उभं राहून रील काढायची का, हा माझा प्रश्न आहे, आणि तो पोरांइतकाच त्यांच्याकडून पैसे घेणाऱ्यांना आहे.

२०२३ च्या जुलैत तर शेकडो ट्रेकर एका रविवारी तिथं पोचले आणि रेल्वे पोलिसांनी त्यांना रुळावर अडवून उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. लोकांनी त्यावर पोलिसांना नावं ठेवली. उठाबशा योग्य का अयोग्य यावर वाद घाला, पण अडवलं ते बरोबरच होतं. दक्षिण पश्चिम रेल्वेनं तेव्हा जाहीर सांगितलं होतं की धबधबा गाडीत बसून बघा, खाली उतरू नका, रुळावर येऊ नका. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत घुसलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोस्टरवर हे कुणीच छापत नाही. नोकरीच्या मागं लागलेल्या पोराच्या नावावर अशी केस लागली तर पुढं त्याला काय काय उत्तरं द्यावी लागतील याचा विचार पालकांनी तरी करावा.

आता पाण्याचं बोलतो, कारण माझ्या मते खरी गडबड तिथं आहे. आपल्याकडं पाण्याला आपण वेगळ्या पद्धतीनं ओळखतो. जळगावात वर्षभराचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तिकडं सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीसारख्या ठिकाणी ७००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडतात आणि सगळं पाणी तिथंच सोडतात. आपली तापी फुगते ती आधी सांगून, हतनूर धरणाचे दरवाजे उघडणार असले की बातमी येते, नदीकाठच्या गावांना इशारा जातो, माणसं गुरं सोडून घेतात, मोटारी काढून घेतात. धबधब्याला असा दरवाजा नाही आणि इशारा द्यायला कुणी बसलेलं नाही. वर घाटमाथ्यावर कर्नाटकाच्या बाजूला ढग फुटल्यासारखा पाऊस पडतो, खाली कुंडाजवळ तुमच्या डोक्यावर कदाचित ऊनही असेल, आणि बघता बघता पाणी चढतं. दूधसागर ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यात खाली येतो, वरचं पाणी खाली पोचायला कितीसा वेळ लागणार.

पाणी चढायच्या आधी खुणा दिसतात, आणि त्या पोरांना कुणी सांगत नाही. निवळ पाणी एकाएकी गढूळ व्हायला लागतं, चहासारखा रंग येतो. पाण्यावर पानं, काटक्या, पालापाचोळा वाहून यायला लागतो. आवाज बदलतो, आधी सळसळ असते ती जड होते. बसलेल्या खडकाचा जो कोपरा मघाशी कोरडा होता तो ओला झालेला असतो. यातलं एक जरी दिसलं तर फोटो, चप्पल, डबा सगळं सोडून बाजूच्या उंचावर जायचं, आणि पलीकडं गेलेल्यांनी पलीकडंच थांबायचं, ओढा ओलांडून अलीकडं यायचा प्रयत्न करायचा नाही. घाटातलं पाणी चढतं तसं पाऊस थांबल्यावर उतरतंही लवकर, दोन-चार तास भुकेलं बसावं लागेल एवढंच. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले तो व्हिडिओ आठवा, प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे होते, काठ अगदी जवळ होता पण पाण्यानं तेवढाही वेळ दिला नाही.

दुसरं म्हणजे आपली पोरं म्हणतात आम्हाला पोहता येतं. येतं, खोटं नाही, मळ्यातल्या विहिरीत टायर बांधून, पाठीला डबा बांधून शिकलेली पोरं आहेत, मी पण तसाच शिकलो. पण विहिरीचं पाणी उभं असतं. धबधब्याच्या खाली पडणारं पाणी हवा घेऊन पडतं, तो सगळा फेस असतो, आणि फेसाळ पाणी अंगाला तेवढं उचलून धरत नाही, विहिरीत जसं आपोआप वर येतो तसं इथं येत नाही. वरून पडणारा लोट माणसाला खाली दाबतो आणि गोल फिरवत परत त्याच लोटाखाली आणतो. त्यात पाणी गार, हातपाय आखडतात, आणि खडकाला शेवाळ असल्यानं पकड मिळत नाही. २०२३ च्या त्याच जुलैत गोव्यात नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघं बुडाले, त्यानंतर गोव्याच्या वनखात्यानं अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायलाच बंदी घातली होती. दरवर्षी नियम बदलतात, कुठं काय चालू काय बंद हे जायच्या आधी वनखात्याकडून विचारून घ्यावं लागतं.

एवढं सगळं लिहितोय म्हणजे मी पोरांनी जाऊच नये असं म्हणतोय असं कुणी समजू नये. उलट जावंच. मी स्वतः वडिलांना, बायकोला आणि वहिनीला घेऊन दिवाळी झाल्यावर गेलो होतो, आणि असं जंगल आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. आपलं सातपुड्यातलं जंगल म्हणजे साग, सालई, अंजन, पळस, उन्हाळ्यात सगळी पानं गळतात आणि डोंगराचे हाडं दिसतात. तिथं मोल्याचं जंगल बारा महिने हिरवं, झाडावर झाड, त्याच्यावर वेल, वेताची जाळी, खाली इतका ओलावा की दगडावरही काहीतरी उगवलेलं. १०७ चौरस किलोमीटरचं मोले राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्याभोवती भगवान महावीर अभयारण्य, दोन्ही मिळून साधारण २४० चौरस किलोमीटर. पणजीपासून ६० किलोमीटरवर असेल, जी मांडवी पणजीला समुद्राला मिळते तिचंच हे पाणी.

साधारण ऑक्टोबर ते मे कुळ्याहून वनखात्याच्या परवानगीनं जीप जातात. जीप जंगलातून ओढ्याच्या पाण्यात उतरून पलीकडं चढते, पाणी दारापर्यंत येतं, वहिनी देवाचं नाव घेत होत्या. लाईफ जॅकेट सक्तीचं आहे, ते घातल्याशिवाय कुंडात सोडत नाहीत. जीप जिथं थांबते तिथून पुढं मोठमोठ्या गोट्यांवरून, झाडांच्या मुळांवरून चालत जायचं, हे अंतर थोडंच आहे पण म्हाताऱ्या माणसाचा हात धरावा लागतो. माकडं फार आहेत, हातातली पिशवी ओढतात, खाण्याचं काही बाहेर काढायचं नाही. चालताना वडील एका जागी थांबले, मला वाटलं दमले, तर ते वर बघत होते, झाडाच्या शेंड्यावर शेकरू होतं, लालसर तपकिरी, शेपूट खाली लोंबतंय, आणि ते एका फांदीवरून दुसरीवर उडी मारून गेलं तेव्हा पानांतलं पाणी आमच्या अंगावर पडलं. शेकरू आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, शाळेत नाव पाठ केलेलं, वडिलांनी तो पहिल्यांदा सत्तरी ओलांडल्यावर बघितला.

कुंडाशी पोचलो तर पाणी स्वच्छ होतं, तळाचे गोटे दिसत होते. धबधबा पावसाळ्यातल्या फोटोसारखा रुंद नव्हता, पण त्यामुळं चारही टप्पे वेगळे दिसत होते, मागचा काळा खडक दिसत होता. पोरं जॅकेट घालून कडेकडेनं डुंबत होती. तेवढ्यात वरच्या पुलावरून मालगाडी गेली, पुढं इंजिनं आणि मागंही इंजिनं, आणि वडील शेवटचा डबा जाईपर्यंत बोट करून मोजत राहिले. हे सगळं बिनधोक बघता येतं, पैसे पण त्या पोस्टरवाल्याच्या रेटपेक्षा काही फार जास्त लागत नाहीत, कुळ्यातल्या जीपवाल्यांच्या घरात चार पैसे जातात ते वेगळं. चालायचीच हौस असेल तर तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिराच्या मागं जंगलातून तिथल्याच तांबडी सुर्ला धबधब्याकडं पायवाट जाते, काळ्या दगडातलं कदंबांच्या काळातलं ते मंदिरही बघण्यासारखं आहे, पण तिथंही आधी वनखात्याला विचारून, स्थानिक वाटाड्या घेऊन आणि पाऊस नसतानाच. पायात जुने बूट, मोजे वर ओढून, कारण जळवा लागतात, त्यांना घाबरायचं नाही पण ओढून काढायचं नाही, मीठ लावलं की सुटतात.

आणि भर पावसातला दूधसागर बघायचाच असेल तर दिवसाउजेडी घाट उतरणाऱ्या गाडीचं तिकीट काढा आणि खिडकीत बसा, दारात लटकू नका. पाण्याचे तुषार खिडकीतून आत येतात इतकी गाडी जवळून जाते.

घरच्या जवळ पण कमी नाही आपल्याकडं. आडगावजवळ मनुदेवी, पाटणादेवीच्या वरचा केदारकुंड, तोरणमाळची सीताखाई. तिथंही हेच नियम लागतात बरं का, सातपुड्यातला नाला कोरडा असतो म्हणून लोक त्यात गाड्या लावतात, आणि वरून लोंढा आला की गाडी तर जातेच. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या आजी कुणीही गावाला निघालं की म्हणायच्या, जपीसन जाय रे भो, म्हणजे जपून जा रे भाऊ. पोरांना हल्ली जाताना एवढंही कुणी म्हणत नाही, सगळे फक्त फोटो टाक म्हणतात.

तर संपादक साहेब, माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकारात छापा की कुळे ते दूधसागर रुळावरून चालायला बंदी आहे, जीप साधारण ऑक्टोबर ते मे चालते, आणि पावसाळ्यात कुठला धबधबा खुला कुठला बंद हे वनखात्याला आणि जिल्हा प्रशासनाला विचारूनच निघावं. कोपऱ्यात चार ओळींचा खुलासा नको, तो कुणी वाचत नाही, त्याचा फोटो ग्रुपवर जात नाही. इथून पुढं कुठल्याही धबधब्याचं वर्णन छापताना त्याचा सीझन आणि पाणी वाढल्याच्या खुणा खाली छापत जा. आणि जळगाव-धुळ्याकडच्या ट्रिपवाल्यांना पण तुमच्या पेपरमधून विचारा की तुमच्याकडं परवानगीचा कागद आहे का, सोबत प्रथमोपचार येणारा माणूस आहे का, आणि पोरांच्या घरचे फोन नंबर तुम्ही लिहून घेता का. पालकांनी पण पैसे देण्याआधी हे तीन प्रश्न विचारावेत, उत्तर आलं नाही तर पैसे देऊ नयेत.

पुतण्याला मी यंदा दिवाळीनंतरच्या गाडीचं रिझर्वेशन करून देणार आहे, त्याच्या मित्रांचं पण, कुळ्यापर्यंत.

आपला,
एक नेहमीचा वाचक
भुसावळ